तुझ्या ट्रॅक्टरची बॅटरी पुन्हा उतरली आहे

चिरंजीव धाकट्यास,

मोठ्या बहिणीचे आशीर्वाद. (पत्र रागाने लिहिते आहे, पण आशीर्वाद न देता सुरुवात केली तर तू म्हणशील ताई बदलली, आणि मूळ मुद्दा बाजूला राहील.) तुझी तब्येत ठणठणीत असणार, म्हणून विचारत नाही. जी माणसं हौसेने ट्रॅक्टर घेतात, तो बहिणीच्या गळ्यात बांधतात आणि बदली मागून दूर जाऊन राहतात, त्यांची तब्येत बिघडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. तुझ्या बायकोला कंबरेसाठी पाठवलेलं मलम लागू पडलं का, ते मात्र कळव. त्या बिचारीचा यात काही दोष नाही. तिने तेव्हाच 'कशाला घेताय' म्हटलं होतं आणि ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. अप्पा कसे आहेत हे तू दर फोनवर विचारतोस आणि मी 'बरे आहेत' म्हणते. ते खरोखरच बरे आहेत. ते का बरे आहेत हे कळल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्ये मध्ये 'हो ना, हो ना' करतोस आणि मला काय म्हणायचं होतं तेच मी विसरते. कागदाला 'हो ना' करता येत नाही.

तर तुझा ट्रॅक्टर. (त्याला ट्रॅक्टर म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही. खुर्चीला चार चाकं लावायची, पोटाखाली पाती बसवायची आणि पुढे दोन दिवे लावून त्याला मोठ्या गाडीचा तोरा द्यायचा, असा तो प्रकार आहे.) मागच्या बागेतलं गवत कापायला माणूस मिळत नाही म्हणून तू तो आणलास, दोनचार वेळा टोपी घालून त्यावर फिरलास, फोटो काढून घेतलास आणि निघून गेलास. गवत वर्षातून मोजक्या वेळाच कापायचं असतं. बाकी सगळा काळ ते यंत्र शेडमध्ये ताडपत्री पांघरून झोपलेलं असतं, आणि ज्या दिवशी गरज असेल त्या दिवशी किल्ली फिरवली की 'टिक' म्हणतं. एकदाच. टिक. जणू मी चुकीच्या घराची बेल वाजवली.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा तुला फोन केला. तू म्हणालास, ताई, वापर नसला की बॅटरी उतरते, तू दर सुट्टीला पाच मिनिटं चालू करून ठेवत जा, बस्स. बस्स म्हणताना तुझ्या आवाजात जे काही असतं ना, ते मला लहानपणापासून सहन होत नाही. तरी केलं. दर सुट्टीला सकाळी उठून, चहासुद्धा न घेता, शेडमध्ये जाऊन त्या खुर्चीवर बसायचं (न बसता चालू होत नाही, बसावंच लागतं, उठलं की बंद पडतं, इतका मानपान मी कुणाचा केलेला नाही), पाच मिनिटं धूर खायचा आणि परत यायचं. पुढे कधीतरी सीटखालच्या पिशवीत माहितीपुस्तिका सापडली. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की इंजिन चालू करताना बॅटरीतून जेवढी वीज खर्च होते तेवढी पाच मिनिटांत भरून येत नाही. चालवायचाच असेल तर चांगला अर्धा-पाऊण तास, वेग वाढवून, बागेत फिरवून चालवा, नाहीतर चालूच करू नका. म्हणजे तुझ्या सांगण्यावरून मी दर आठवड्याला रोग्याचं रक्त काढत होते आणि वर चमचाभर पाणी पाजून त्याला घरी पाठवत होते. मी! दवाखान्याच्या औषधखिडकीवर इतकी वर्षं बसलेली मी!

मग मी ठरवलं की आता तुझं ऐकायचं नाही, स्वतः बघायचं. सीट उचलून पाहिलं तर बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरट-हिरवी बुरशी चढलेली. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासलं की ती निघते. (ब्रश अप्पांचा होता. नवा होता हे मला नंतर कळलं.) घासण्याआधी तारा सोडवायच्या असतात. काळी तार आधी सोडवायची आणि लाल नंतर, हे त्याच पुस्तिकेच्या पुढच्या पानावर होतं आणि मी अजून मागच्या पानावर होते. मी लाल आधी सोडवायला घेतली, पाना ट्रॅक्टरच्या अंगाला लागला आणि अशी ठिणगी उडाली की मी पाना टाकून थेट स्वयंपाकघरात येऊन थांबले. चपला शेडमध्येच. खिडकीजवळच्या खुर्चीतून अप्पांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि मान परत खिडकीकडे वळवली.  दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून डिस्टिल्ड वॉटरची बाटली घेऊन आले, कारण बॅटरीत पाणी घालतात एवढं मला माहीत होतं. झाकणं शोधली, सापडली नाहीत. स्क्रू ड्रायव्हरने उचकटायचा प्रयत्न केला. ही सीलबंद बॅटरी आहे, हिच्यात आयुष्यात कुणी पाणी घालायचं नसतं, हे विकत घेताना तुला कुणीतरी सांगितलं असणार. तू ते मला सांगावंस अशी माझी अपेक्षा चूक होती का?

शेवटी नवी बॅटरी आणायला गेले. बॅटरीवाला हा एक स्वतंत्र विषय आहे. तो काउंटरवर कोपर टेकवून म्हणाला, "ताई, बॅटरीला प्रेम लागतं." मी म्हटलं, मला पावती लागते. त्याने आधी दिलेली बॅटरी ट्रॅक्टरच्या खाचेत बसेना, मग दिलेल्या दुसरीची टोकं उलट्या बाजूला निघाली आणि तारा पोचेनात, तिसऱ्या वेळी एकदाची बसली. सोबत त्याने एक छोटा चार्जर दिला. हा मात्र कामाचा निघाला. बॅटरी भरली की तो आपोआप हात आखडता घेतो आणि नंतर थोडी थोडी वीज देत राहतो, त्यामुळे महिनोन्महिने जोडून ठेवला तरी बॅटरी खराब होत नाही. मी खुशीत शेडमध्ये गेले आणि लावायला प्लग शोधला. प्लग कुठे आहे? शेडमध्ये वीजच नाही. प्लग नाही, दिवा नाही, साधी खिडकी नाही. 'पुढच्या खेपेला आलो की वायर ओढून देतो' हे तुझं वाक्य मला तारीखवार सांगता येईल, पण सांगत नाही. मग ती धोंड्यासारखी जड बॅटरी काढायची, व्हरांड्यात आणायची, चार्जरला लावायची, भरली की परत नेऊन बसवायची, हा माझा नवा व्यायाम सुरू झाला. आणि इतकं करून, मी हातांनी भरून बसवलेली बॅटरी आठवड्याभरात पुन्हा टिक.

इथे गवताचं सांगते, कारण रागाचं मूळ तिथे आहे. गवत माझ्या कंबरेला लागायला लागलं होतं. आपल्या कुंपणापलीकडचे टाइपमास्तर (टायपिंग शिकवायचे ते, तुला आठवत असतील, तुझी बोटं त्यांनी पट्टीने सरळ केली होती) एका सकाळी कुंपणाशी उभे राहून माझ्यावर ओरडले. आमच्या भाजीच्या वाफ्यात तुमचं गवत येतंय, तुम्हाला झेपत नसेल तर घर विका, वगैरे. त्या घराशी आपला अबोला आहे हे तुला माहीत आहे. त्यांच्या सुनेने मला न विचारता कुंपणाची झुडपं तिच्या बाजूने छाटली आणि फांद्या आपल्या अंगणात टाकल्या, त्यावर मी जे बोलले ते बोलले. त्यातला एक शब्दही मी परत घेणार नाही. पण अबोला असलेल्या घरातून येऊन कुणी खरी तक्रार करतं, तेव्हा किती झोंबतं ते मला विचार. गवत खरंच वाढलं होतं. ट्रॅक्टर खरंच चालत नव्हता. मी खाली मान घालून घरात आले आणि त्या रागात तुला फोन केला. तू म्हणालास, मग विकून टाकू, माझ्या ओळखीचा एक नर्सरीवाला आहे, त्याला पाठवतो.

नर्सरीवाला आला. सभ्य माणूस, बूट बाहेर काढून आला, शेडमध्येसुद्धा. मी म्हटलं नवी बॅटरी आहे, परवाच भरून बसवली आहे, बघा. ताडपत्री काढली, खुर्चीवर बसले, किल्ली फिरवली. टिक. पुन्हा फिरवली. या वेळी टिकसुद्धा नाही. तो माणूस इतका सभ्य की म्हणाला, "मी पुढच्या रविवारी येतो, तोवर बघा काही होतंय का." इतकी समजूत तर तूही माझी कधी काढली नाहीस. मी त्याच पावली बॅटरी पिशवीत घालून दुकानात गेले आणि बॅटरीवाल्याला चार गिऱ्हाइकांसमोर चोर म्हटलं. त्याने ती यंत्रावर लावून तपासली. बॅटरी उत्तम आहे, फक्त रिकामी आहे, तुमच्या घरी कुणीतरी दिवे लावून ठेवतंय, म्हणाला. मी म्हटलं, घरी मी आणि माझे वडील. मी दिवसभर कामावर असते, किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला असते, आणि माझे वडील खिडकीपासून दारापर्यंत जात नाहीत. तुमची बॅटरीच खोटी आहे.

हे मी मनापासून म्हटलं, कारण मला ते खरं वाटत होतं. आई गेल्यावर अप्पांचं बोलणं कमी झालंच होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर ते जवळजवळ बंदच झालं. 'हं', 'नको', 'राहू दे'. दिवसभर त्या खुर्चीत. डॉक्टर म्हणाले होते, चालले नाहीत तर गुडघा कायमचा आखडेल, मग ऑपरेशन केलं काय आणि नाही केलं काय. रोज सकाळी त्यांच्या पाया पडायचं तेवढं बाकी होतं. हात धरून दारापर्यंत नेलं की ते चौकट धरून उभे राहायचे आणि 'राहू दे' म्हणायचे. मी दवाखान्यात जाऊन औषधांच्या कपाटाआड रडले आहे, हे तुला आज सांगते, कारण तू लांब आहेस आणि तुला हे कधी दिसणार नाही. आणि मग गेल्या काही दिवसांत अचानक फरक पडायला लागला. भूक वाढली. रात्री झोप लागायला लागली. डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला आणि म्हणाले, वा, घरी व्यायाम छान करून घेताय. मी म्हटलं, हो, मी जातीने लक्ष घालते. (हे वाक्य मला आता झोपू देत नाही.)

परवा दवाखान्यात दुपारनंतर गर्दी नव्हती, म्हणून लवकर निघाले. दुकानातून परत आणलेली बॅटरी मी भरून बसवली होती, पण नर्सरीवाला यायच्या आत ती पुन्हा एकदा भरून ठेवावी असा विचार. घरात आले तर अप्पांची खुर्ची रिकामी. न्हाणीघरात नाहीत, पुढच्या दारात नाहीत.  मागच्या दारातून पाहिलं तर उंच गवतात पायवाट पडलेली, आणि ढगाळ अंधारात शेडच्या दाराखालून उजेडाची पट्टी. मी झाडू उचलला (का उचलला, विचारू नकोस) आणि दार ढकललं.

तुझ्या ट्रॅक्टरचे दोन्ही दिवे लागलेले. त्यांच्यासमोर लाकडी खोक्यावर बुद्धिबळाचा पट. एका बाजूला, मी महिनाभर शोधत असलेल्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर (एरवी ती शेडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पोत्याखाली लपवायचे म्हणे), अप्पा. दुसऱ्या बाजूला, आपल्या घरच्या बादलीवर, टाइपमास्तर.

"अप्पा!" मी ओरडले.

"दार लोट," ते पटावरून नजर न काढता म्हणाले. "आणि उजेडात उभी राहू नकोस. माझा उंट दिसत नाही."

मी दार लोटलं. मास्तर मात्र उठून उभे राहिले. "ये ना, बस," म्हणाले, आणि आपल्याच शेडमध्ये मला आपलीच बादली पुढे केली.

"मास्तर, तुम्ही परवा कुंपणावरून माझ्यावर ओरडलात!"

"ओरडलो," ते म्हणाले. "सून मागच्या दारात उभी होती. ओरडणं भाग होतं. मनाला लावून घेऊ नकोस."

"आणि गवत?"

"गवत राहू दे. कुंपणाच्या फटीतून यायचं, तर उंच असलेलं बरं. आमच्या घरातून दिसत नाही. सुनेला वाटतं मी वाचनालयात जातो."

मी अप्पांकडे वळले. म्हटलं, डॉक्टरांनी तुम्हाला चालायला सांगितलं तर तुम्ही दारापर्यंत येत नव्हता. "इथवर चालतच आलो ना," अप्पा म्हणाले. "उडत आलो का?" म्हटलं, किल्ली कुठून मिळाली? तर म्हणाले, धाकट्याने जाताना दुसरी किल्ली माझ्याकडे दिली होती, अधूनमधून बघत जा म्हणाला होता. ऐकतोयस? दुसरी किल्ली! जी हरवली असं तू मला दोन वेळा सांगितलंस! मी म्हटलं, अप्पा, हे दिवे बॅटरीवर चालतात, इंजिन बंद असलं की बॅटरी रिकामी होते, आणि रिकामी पडून राहिली की ती कायमची मरते. ती भरायला मी रोज धोंडा वाहते. अप्पा म्हणाले, "तेच म्हणतो, इतक्यात परत कशी भरते ही."

मग माझा तोल गेला. मी पुढे झाले आणि किल्ली फिरवून काढून घेतली. मिट्ट काळोख.  मला वाटलं आता दोघं उठतील, मुकाट घरी जातील, आणि मला बरं वाटेल. तर काळोखातून अप्पांचा आवाज आला, "उंट वजिरासमोर." त्यावर मास्तर म्हणाले, "घोडा मागे." त्यांना पट पाठ होता. दोन म्हातारे अंधारात बसून सोंगट्या न हलवता खेळत होते, आणि मी हातात झाडू आणि किल्ली घेऊन उभी होते. अप्पांचा तो आवाज, धाकट्या, मी किती दिवसांनी ऐकत होते. त्यांना कंटाळा नव्हता, दुखत नव्हतं, 'राहू दे' नव्हतं. त्यांना मास्तरांचा वजीर हवा होता.

मी किल्ली परत फिरवली. दिवे लागले, पिवळे पडले आणि माझ्या डोळ्यांदेखत विझले. बॅटरी उतरली. घरात गेले, विजेरी आणली आणि त्या पटावर धरून उभी राहिले. हात भरून आला तरी दोघांपैकी एकानेही 'दमलीस का' विचारलं नाही. डाव बरोबरीत सुटला. अप्पा माझा हात न धरता घरी आले.

आता तू म्हणशील, मग रागवायचं कशाला, सगळं छान झालं. हेच ऐकायचं नव्हतं. मी महिने महिने हात धरून विनवण्या केल्या तर हा माणूस चौकटीपर्यंत आला नाही, आणि एका सोंगटीसाठी कंबरभर गवत तुडवून जातो? मला सांगायचं की नाही? मी कोण आहे या घरात? आणि त्यांनी मला का सांगितलं नाही, तर म्हणे मी त्या सुनेशी भांडले आहे आणि मास्तरांचं नाव काढलं की माझा चेहरा बदलतो! भांडण तिने सुरू केलं होतं. फांद्या आपल्या अंगणात पडल्या होत्या. त्यामुळे एकच शेवटचं सांगते: रविवारी नर्सरीवाला येतोय, बॅटरी मी पूर्ण भरून बसवली आहे, तो ट्रॅक्टर घेऊन जाईल आणि मी सुटेन. तुला काही म्हणायचं असेल तर आता म्हणू नकोस.

तुझी रागावलेली,
ताई

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं, आज रविवार. नर्सरीवाला आला. ट्रॅक्टर पहिल्या किल्लीला चालू झाला, असा आवाज की मास्तरांची सून कुंपणाशी आली. अप्पा काठी बाजूला ठेवून त्यावर चढले आणि सगळ्यांसमोर गवत कापायला लागले. कुंपणाजवळची पट्टी मात्र सोडली. नर्सरीवाल्याला ट्रॅक्टर फार आवडला. मी त्याला सांगितलं की गिअर खराब आहे, पाती वाकडी आहेत आणि चालू झाला हा केवळ योगायोग आहे. तुझ्याकडे चौकशी केली तर तूही तसंच सांग.

ता. क. शेडमध्ये वायर ओढायला वायरमन बोलावला आहे. एक दिवा, एक प्लग. प्लगला चार्जर कायम राहील. दुसरी किल्ली अप्पांकडे ठेवली नाही.

ता. क. मास्तर पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी लेकीकडे राहायला जातायत, कधी परततील ते नक्की नाही. मी पट मांडून पाहिला, घोडा कसा चालतो तेच माझ्या लक्षात राहत नाही, आणि अप्पांनी मला शिकवताना एकदाच 'राहू दे' म्हटलं. ते ऐकलं आणि मी पट आवरला. तुला खेळता येतं. रजा टाक आणि त्याआधीच्या बुधवारपर्यंत ये. मुद्दाम हरू नकोस, त्यांना लगेच कळतं. पण पहिल्या संध्याकाळी जिंकू नकोस.